मागच्या रांगेतून दिसणाऱ्या भिवया

माणसाला चेहरा एकच मिळतो आणि बरावाईट जसा असेल तसा तो जन्मभर वागवावा लागतो, अशी माझी वडशाला बदली होईपर्यंत समजूत होती. आमच्या घरमालकीणबाईंनी ती पहिल्या महिन्यातच खोटी पाडली. बाईंकडे चार चेहरे होते. सकाळचा चहा झाला की आज कोणाकोणाशी गाठ पडायची आहे याचा त्या अंदाज घेत आणि मग आरशासमोर बसून काळ्या पेन्सिलीनं त्यांतला एक चेहरा काढत. चेहरा म्हणजे खरं तर नुसत्या भिवया. पण नाक, डोळे, तोंड ही बाकीची मंडळी त्या भिवयांच्या हुकमात असत. आणि भिवया काढाव्या लागत, कारण बाईंना स्वतःच्या अशा भिवया नव्हत्याच.

बाई झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवरच्या जुन्या नटी. धान कापून झालं की तिकडे गावोगाव उघड्या मैदानात मांडव पडतात आणि रात्ररात्र नाटकं चालतात. आसपासच्या गावांची माणसं ट्रॅक्टर भरभरून येतात, आणि या साऱ्या नाटक कंपन्यांचा बाजार वडशाला भरतो. बाई कंपनीत शिरल्या तेव्हा अगदी कोवळ्या होत्या. पहिल्याच तालमीत मालकानं निकाल दिला की पोरीचा आवाज मागच्या बारदानावर बसलेल्या माणसापर्यंत जातो, पण भिवया जात नाहीत. मग त्या वस्तऱ्यानं काढून टाकल्या आणि त्या जागी बोटभर जाड रंगवल्या. दर हंगामात हेच. असं करता करता कधीतरी खऱ्या भिवया उगवायचंच विसरल्या. "वाट पायली ना मी त्याइची," बाई सांगत. "मंग म्हटलं, जाऊ दे बाप्पा. नाई येत तर नाई."

तर चार जोड्या. नायिकेच्या भिवया उंच कमानीच्या, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. सोसणाऱ्या सुनेच्या भिवया नाकाकडच्या टोकाला वर उचललेल्या. खलनायिकेच्या भिवया नाकाच्या मुळापासून निघून थेट कानशिलावर चढलेल्या. आणि आईच्या भिवया जाड, मऊ, थोड्या खाली उतरलेल्या. मीटर बघायला येणाऱ्या माणसासाठी बाई खलनायिका होत. तो बिचारा आकडा टिपून उलट्या पावली निघून जाई, पाणीसुद्धा मागत नसे. भाजीबाजारात सुनेच्या भिवया चालत. वांगीवाली बाईंच्या तोंडाकडे एकदा बघे आणि मुकाट्यानं दोन वांगी वर टाके. लग्नकार्याला अर्थातच नायिका. एकदा मात्र घोटाळा झाला. बाई एका लग्नाहून परत येत होत्या आणि वाटेतच कोणाकडे तरी माणूस गेल्याचं कळलं, म्हणून तशाच तिथे गेल्या. घरातली सगळी माणसं रडत होती, बाईही अगदी मनापासून रडत होत्या, पण भिवया मात्र नदीकाठी कोणाची तरी वाट बघत उभ्या होत्या. त्या घरानं नंतर बराच काळ बाईंशी बोलणं टाकलं होतं.

मी खोली बघायला गेले तेव्हा दार खलनायिकेनं उघडलं. भाडेकरू पारखायचा म्हणजे दुसरं कोण लागणार? मी मूळची सांगलीकडची, बँकेत अधिकारी. मागेपुढे कोणी नसल्यामुळे माझी बदली करणं बँकेला फार सोपं जायचं, म्हणून मी महाराष्ट्र पुष्कळ पाहिला होता आणि घरमालकिणीही पुष्कळ पाहिल्या होत्या, पण खिडकीशी पाठ करून, एक हात कमरेवर ठेवून, "कोन कोन राह्यते संगं?" असं विचारणारी पहिलीच. "मी एकटीच," म्हटल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "मंग तर लयच जागा लागन," असं काहीतरी न कळणारं बोलून किल्ली हातावर ठेवली. पहिल्याच पंधरवड्यात मला ताप आला. डोळे उघडले तर बाई पेजेची वाटी घेऊन उशाशी, आणि तोंडावर आईच्या भिवया. तापात मला वाटलं ही दुसरीच कोणी बाई आहे. त्यानंतर माझ्यापुरत्या त्या कायम त्याच भिवयांनी वागल्या. जिना चढून वर यायचं असेल तर बाई आधी आत जाऊन भिवया बदलत, हे मला फार उशिरा कळलं.

भिवया सोडल्या तरी बाई साध्यासुध्या नव्हत्याच. त्या खोलीत येत नसत, प्रवेश करत. आत कोणी बोलत असेल तर दाराआड थांबून त्याचं वाक्य संपू देत. जाताना पाठ दाखवत नसत, त्यामुळे माझ्या खोलीतली पाण्याची कळशी महिन्यातून एकदा तरी आडवी होई. अंगणातून त्या मला जो काही प्रश्न विचारत तो मागच्या रांगेसाठी असे. मी सकाळी पोहे खाल्ले की उपमा, ते सबंध गल्लीला ठाऊक असायचं. पण त्यांची एक सवय या सगळ्यांहून वेगळी होती. बोलताना एखादा शब्द आठवला नाही की त्या अडखळत नसत, 'ते हे' म्हणत नसत. डावीकडे मान वळवून शांतपणे थांबत. नाटकात तिथे पडद्याआड प्रॉम्प्टर बसलेला असायचा ना! "मॅडमबाई, बाजारातून मले जरा..." आणि मान डावीकडे. मी इकडून म्हणायचं, "हळद?" "नाई." "मीठ?" "हां, मीठ!" आणि प्रसंग पुढे चालू. एकदा मी सुट्टीच्या दिवशी वरून सहज खाली पाहिलं. बाई अंगणात एकट्याच काहीतरी पुटपुटत होत्या. मध्येच थांबल्या आणि डावीकडे बघत राहिल्या. तिकडे भिंत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी मान सरळ केली आणि वाक्य तिथेच सोडून आत गेल्या. मला ते बघवलं नाही.

नवरा होता. कंपनीत तबला वाजवायचा. एका हंगामात दुसऱ्या कंपनीबरोबर गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. वय झालं, आवाज बसला, कंपन्यांनी बोलावणं बंद केलं. दिवाळीनंतर दुपार कलली की आमच्या गल्लीवरून पडदे आणि पेट्या लादलेल्या गाड्या निघत. बाई नेसून-सवरून, पदर ठाकठीक करून फाटकाशी उभ्या राहत. नवे नट-नट्या खिडकीतून हात करत. गाडी दिसेनाशी झाली तरी बाई तिथेच असत, आणि मग अगदी शेवटी उलट्या पावली घरात शिरत.

अशातच सावली गावाजवळच्या एका खेड्यात त्यांची जुनी मैत्रीण वारली. ती नायिका करायची आणि बाई तिच्या वाईटावरच्या सवती. बाई बसनं गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या त्या पायरीवरच बसल्या. त्या दिवशी त्यांनी एकही भिवई काढलेली नव्हती. मी त्यांना तसं प्रथमच पाहत होते. कपाळ आणि डोळे यांच्यामधलं ते कोरं बघून मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मले तिची ओळखच नाई पटली, मॅडमबाई," त्या म्हणाल्या. आवाज मागच्या रांगेचा नव्हता, अगदी माझ्यापुरता होता. "पोराइनं तोंड चांगलं धुतलं तिचं. चांगलंच केलं त्याइनं. पन भिवया धुवून गेल्या ना. तिच्याबी माह्यासारक्याच, पेन्सिलीच्या. गावोगावचे लोक दर्शनाले येऊन राह्यले, अन् तिच्याच उशाशी उभे राहून इचारून राह्यले, बाई कुठी हाये? आपली बाई कुठी हाये? तिले तं पोरं होती. मी गेल्यावर माह्या भिवया कोन..." आणि मान डावीकडे वळली.

शब्द मला ठाऊक होता. 'काढन.' पण तो पुरवून तरी काय होणार होतं?

त्यात त्यांचा हात कापायला लागला होता. एका सकाळी डावी भिवई आईची आणि उजवी खलनायिकेची उतरली, आणि दूधवाल्याला नेमकं घाबरावं की पाया पडावं ते कळेना. मी हसले, बाई हसल्या नाहीत. आणि त्याच सुमारास बाजारात चाचांच्या कटलरी दुकानासमोर एका मुलीनं नवं पार्लर थाटलं आणि बाहेर बोर्ड लावला: 'पर्मनंट भिवया करून मिळतील.' चाचा म्हणजे बाईंना जन्मभर काळ्या पेन्सिली पुरवणारे गृहस्थ. बांगड्या, टिकल्या, रिबिनी विकता विकता म्हातारे झालेले, आणि बाईंचं एकही नाटक न चुकवलेले. बाईंनी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून तो बोर्ड वाचला, पुन्हा वाचला, आणि माझा दंड धरून रस्ता ओलांडला.

पार्लरवाली नागपुरात शिकून आलेली, हसरी, पण कामात मोठी काटेकोर. तिनं बाईंना "आजी" म्हटलं आणि बाईंनी अशी काही नजर टाकली की ती पुढच्याच वाक्याला "मावशी"वर आली आणि तिसऱ्या वाक्याला "बाई"वर. तिनं समजावलं की हे गोंदण्यासारखंच काम, पण वरच्यावर. बारीक सुईनं एकेक केस काढल्यासारखी रेघ ओढायची. आधी साखर तपासून या, डॉक्टरांना विचारून या. मनानं कोणतीही गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांनी दिलेली मनानं बंदही करायची नाही. कानामागे थोडा रंग लावून बघते, अंगावर काही उठलं तर काम करणार नाही. आदल्या दिवसापासून चहा बंद. या शेवटच्या कलमावर बाई उठून उभ्या राहिल्या. पण पुन्हा बसल्या. यावरून मी ओळखलं की त्यांच्या मनानं घेतलंय ते सहजासहजी सुटणारं नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं, कानामागे काही उठलं नाही, आणि मग आमच्या घरात तयारीला जो ऊत आला तो नव्या नाटकालाही आला नसेल. पार्लरवालीनं सांगितलं होतं की सुई चालू असताना हलायचं नाही. बाईंनी त्याची तालीम सुरू केली. मी एका दुपारी बँकेतून लवकर आले तर त्या खाटेवर उताण्या पडलेल्या, हात छातीवर, डोळे मिटलेले, श्वाससुद्धा जाणवत नव्हता. माझ्या हातातली पिशवी गळून पडली. "बाई!" मी ओरडले. एक डोळा उघडला. "थांबा ना मॅडमबाई, तालीम चालू हाये," त्या म्हणाल्या आणि डोळा मिटला. मी खाली बसून लिंबं गोळा करत राहिले.

प्रश्न उरला तो कोणत्या भिवया कोरून घ्यायच्या याचा. आजवर बाईंनी चेहरा रोजचा रोज निवडला होता. आता एकच घेऊन वर जायचं होतं. एका रविवारी त्यांनी माझ्याकडून पेन्सिल धरायला मदत घेत चारही जोड्या एकामागून एक काढल्या, आणि दर वेळी खाटेवर उताणं पडून मला दारातून बघायला लावलं. नायिकेच्या भिवया घेऊन निजलेल्या बाई कोणाची तरी वाट बघताहेत असं वाटे. सुनेच्या भिवयांनी त्यांना कोणीतरी विष घातल्याचा संशय येई. खलनायिकेच्या भिवयांनी निजलेल्या बाई केव्हाही उठून बसतील असं भय वाटे. मी म्हटलं, "आईच्याच घ्या."

बाई छताकडे बघत राहिल्या. "मले लेकरू कुठी हाये? लोक हासतीन नं, मॅडमबाई. म्हनतीन, कोनाची माय बनून चालली ही?"

"लोकांचं सोडा," मी म्हटलं. "माझ्या तर त्याच ओळखीच्या आहेत."

त्या उठल्या, आरशात पाहिलं, आणि त्या दिवशी तोंड न धुताच झोपल्या.

ठरल्या दिवशी बाई पार्लरात नारळ, उदबत्ती आणि कुंकू घेऊन दाखल झाल्या. नाटकाआधी नटेश्वराची पूजा होते तशी त्यांनी सुया, रंगाच्या बाटल्या आणि त्या फिरत्या खुर्चीची पूजा केली, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि पार्लरवालीला सांगितलं, "तिसरी घंटा झाली का सुरू कर, वं." घंटा नव्हती, मी मोबाईलवर वाजवली. मुलीनं आधी पेन्सिलीनं आकार काढला. छान बारीक, वयाला शोभेशा नाजूक भिवया. बाईंनी आरसा जवळ घेतला, दूर धरला आणि म्हणाल्या, "मॅडमबाई, रस्त्याच्या तिकडे जाऊन उभ्या ऱ्हा. दिसते का सांगा."

मी रस्ता ओलांडून चाचांच्या दुकानात उभी राहिले. पार्लरच्या दारात बाई, हनुवटी वर, रंगमंचाच्या मधोमध उभ्या असल्यासारख्या. चाचांनी चष्मा पुसला. "दिखते नहीं," ते मला हळूच म्हणाले आणि मग रस्त्यापलीकडे ओरडले, "बाई, कुछ दिखून नाई राह्यलं!" बाई आत गेल्या. भिवया जाड झाल्या. बाई बाहेर आल्या. चाचांनी मान हलवली. पुन्हा आत. मध्ये एक धानाचा ट्रॅक्टर आडवा आला तर बाई तो जाईपर्यंत तशाच स्तब्ध. अखेरीस दोन करवंदीच्या फांद्या आडव्या ठेवाव्यात एवढ्या भिवया झाल्या तेव्हा चाचांनी दोन्ही हात वर केले. "अब आ गई! अब आ गई अपनी बाई!"

मी परत आले तर मुलगी रडकुंडीला आली होती. "बाई, रोजच्या आयुष्यात माणसं जवळून बघतात. जवळून ह्या खूप मोठ्या वाटतील."

"जवळून पाहाले हाये कोन?" बाई म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या. मुलीनं हातमोजे चढवले. मी दुसरीकडे बघितलं. आणि सुई चालू झाली. बाई जराही हलल्या नाहीत; तालीम उत्तम झाली होती.

त्यानंतरचे दिवस म्हणजे पथ्याचं पर्व. भिवयांना पाणी लागू द्यायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, वाफ नको, धूळ नको, खाजवायचं नाही, निघणारी खपली ओढायची नाही, पालथं झोपायचं नाही. वडशात भातगिरण्यांचा कोंडा हवेत उडत असतो म्हणून बाई घरातसुद्धा छत्री घेऊन फिरत. खाज सुटली की स्वगतं म्हणत; दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या घरातून "दुष्टा, हात लावशील तर भस्म होशील!" असं ऐकू आलं की समजावं, डावी भिवई खाजतेय. त्याच दिवसांत हंगाम सुरू झाला. गल्लीवरून पहिली गाडी निघाली आणि बाई फाटकाशी आल्याच नाहीत. घरात मान वर करून बसल्या होत्या.

"आज रडाचं नाई," त्या म्हणाल्या. "पानी लागू द्याचं नाई सांगतलं हाये पोरीनं."

"बाई, डोळ्यातलं पाणी खाली जातं. भिवयांना कसं लागेल?"

"स्टेजवर खाली जाते," बाई म्हणाल्या. "घरी मी झोपूनच रडते. मंग ते कानाकडे जाते. भिवईच्या शेपटीले लागन नं."

मी मलम घ्यायला उठले. ते सकाळ-संध्याकाळ कापसाच्या काडीनं पातळ लावायचं माझं काम होतं, कारण बाईंचा हात कापे. पहिल्या दिवशी काडी टेकली तशा त्या दचकल्या. मग डोळे मिटून बसल्या आणि मलम लावून झाल्यावरही डोळे उघडेनात. "दुखलं का?" मी विचारलं. "नाई," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडाले दुसऱ्याचा हात लागून लय साल झाले. हळू लावा. घाई नोका करू." मी घाई केली नाही. खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. वर माझ्या खोलीत माझी वाट बघणारं तरी कोण होतं? मलम संपल्यावरही आम्ही थोडा वेळ तशाच बसायचो.

खपल्या पडल्या आणि रंग गेला! बाईंनी आरशात पाहिलं आणि भिंतीला टेकून बसल्या. "पडलं नाटक," त्या म्हणाल्या. पार्लरवालीला फोन लावला तर ती म्हणाली असंच असतं, आतून हळूहळू वर येईल. बाईंचा विश्वास बसेना. पण पुढच्या काही आठवड्यांत त्या भिवया खरोखरच परत आल्या, सावकाश, आईच्या, जाड आणि थोड्या खाली उतरलेल्या. आणि बाईंच्या घरातला सगळा दरारा संपला. मीटरवाल्यापुढे त्यांनी खलनायिकेचा आवाज काढून पाहिला. तो चक्क ओट्यावर टेकला, पाणी मागितलं आणि पोरीच्या आजारपणाचं सांगत बसला. वांगीवालीनं वर वांगी टाकणं बंद केलं, पण आपल्या सुनेची गाऱ्हाणी ऐकवायला ती घरी यायला लागली. बाई वैतागल्याचं दाखवत. "कोनीच भेत नाई आता मले," त्या म्हणायच्या आणि आतून दुसरा कप आणायच्या.

रंगाचा दुसरा हात द्यायला गेलो तेव्हा मात्र पार्लरवाली सहज बोलून गेली, "आता दीडेक वर्ष बघायला नको, बाई. मग फिकं होईल तसं परत भरायचं."

"फिकं होईन?" बाईंनी बाहेरच्या बोर्डाकडे बोट केलं. "पर्मनंट लिवलं हाये ना, वं?"

"पर्मनंट म्हणजे... तसंच म्हणतात, बाई."

बाईंनी हळूच हातावरचा पदर मागे सारला. मनगटाच्या वर हिरवट काळं गोंदण होतं, ठिपके आणि तुळस. "हे पाय. मायनं गोंदवलं माह्या लहानपनी. कोनी मलम नाई लावलं, का काई नाई. हे माह्यासंगं वर जाईन. अन् हे तोंड इथीच ऱ्हाईन?" मुलीनं समजावलं की सुई वरच्यावर असते, म्हणून. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. घरी येताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मले दीड सालात मरा लागन." मला हसू आलं, आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर ते तिथल्या तिथे गेलं.

त्या खेपेचे मलमाचे दिवस संपले त्या संध्याकाळी बाईंनी चाचांकडून आणलेली नवी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि आपण खाटेवर उताण्या झाल्या. मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "शिका." मी कापसानं त्यांच्या भिवयांवर पावडर लावून त्या झाकल्या आणि वर नव्या काढायला गेले. बाईंनी आरसा मागून पाहिलं. "मॅडमबाई! ही तं सवत झाली!" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे गेलं. आता ते जाऊ द्यायला हरकत नव्हती.

आणि मग बँकेला माझी आठवण झाली. बदली सांगलीकडेच झाली. लोकांनी अभिनंदन केलं. वडशाच्या स्टेशनवर बाई सोडायला आल्या होत्या. गाडी हलली तशा काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि मान डावीकडे वळवली. मी उजवीकडच्या दारात होते. मला शब्द देता आला नाही.

आता त्या फोन करतात. प्रश्न एकच असतो, आणि तो अजूनही मागच्या रांगेसाठीच असतो: "रंग उतरून राह्यला, मॅडमबाई. कवा येता?" मी म्हणते, पार्लरवाली आहे ना, करून घ्या. तर म्हणतात, "करन ते. पन मलम कोन लावन? तिचा हात घाईचा हाये." मग मी रजा टाकते. मध्यंतरी गेले तेव्हा गाडी स्टेशनात शिरतानाच फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला मला दोन भिवया दिसल्या. फिक्या झालेल्या रंगावर बाईंनी कापऱ्या हातानं पेन्सिल फिरवली होती, बोटभर जाड, वाकड्यातिकड्या, पण आईच्या. बाई मागाहून दिसल्या. मी उतरून पोचेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

"गाडीतून दिसल्या का?" त्यांनी विचारलं.

"दिसल्या. तिथूनच ओळखलं."

त्यांनी मान डोलावली. तेवढंच त्यांना हवं होतं.

दर खेपेला सुई होते, मलमाचे दिवस होतात, आणि निघायच्या आधी एकदा बाई खाटेवर उताण्या पडून माझी परीक्षा घेतात. मी सांगलीला माझ्या आरशासमोर बसून पुष्कळ सराव केलेला असतो. आईच्या भिवया मला आता डोळे मिटून काढता येतात. पण वडशाला गेलं की मी पेन्सिल नाकाच्या मुळापासून उचलते आणि थेट कानशिलावर चढवते. बाई आरसा बघतात. "अजून सवतच येऊन राह्यली का वं?" असं मोठ्या निराशेनं विचारतात. मी म्हणते, "हात बसलेला नाही, बाई. तुम्हांला थांबावं लागेल." त्या आरसा माझ्या हातात परत देतात आणि म्हणतात, "बरं. मंग पुढच्या साली या."